छपराच्या पट्टीखालचा सांधा

प्रिय रेवा आणि ओजस,

हे आत्ताच लिहिते आहे, कारण आपले मिस्त्री मागच्या महिन्यात गेले. जाण्याआधी त्यांनी माझ्यासमोर जे उघडलं, त्यातून मी अजून सावरलेली नाही. पोरांना सांगू का, असं तुमच्या बाबाला विचारलं. तो म्हणाला, "तूच सांग आई. मला नीट जमणार नाही." मलाही कितपत जमेल, माहीत नाही.

"थांबा बाई, आयकू द्या." मिस्त्री म्हटलं की हे वाक्य आठवतं आणि त्यांचं वाकवलेलं बोट दिसतं. गाडीचा पत्रा कुठे चेपलाय, कुठे आतून सडलाय, हे पाहायला ते बोटाच्या हाडाने टकटक करायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. गंमत अशी की उभा जन्म पत्रा ठोकण्यात गेल्यामुळे त्यांना ऐकू जवळजवळ येतच नसे. किन्हीराजाच्या फाट्यावर त्यांची टिनाची शेड होती, दारावर निळा झेंडा. समोरचा टपरीवाला त्यांना चिडवायचा, "काय आयकता हो मिस्त्री? तुमाले तं मागं ट्रक आला तरी समजत नाई."

"माहा कान बोटात हाये," मिस्त्री शांतपणे सांगायचे. "तुहा चहा पाणचट झाला, हेही मले बोटानंच समजते."

अंगणात उभी असलेली पांढरी अँबॅसडर तुम्ही फोटोत पाहिली आहे. तुमचे आजोबा कचेरीतून सुटले की तीच घेऊन केनवडला शेतावर जायचे. त्या गाडीचं पत्र्याचं सगळं काम मिस्त्रींकडे असे. त्यांच्या दोन लहरी आम्हा सगळ्यांना पाठ होत्या.

पहिली लहर छपराच्या पट्टीची. जुन्या गाडीच्या छपराला दोन्ही बाजूंनी पावसाचं पाणी वाहून जायला बारीक नाली असते आणि त्या नालीच्या काठावर चकचकीत पट्टी दाबून बसवलेली असते. त्या पट्टीला कोणी हात लावलेला मिस्त्रींना खपत नसे. गाडी धुणारा माणूस तिच्यावरून जोरात फडकं फिरवायला लागला तर ते शेडमधून ओरडायचे. "पट्टी वाकली तं दुसरी भेटणार नाई," म्हणायचे. मला ते पटायचं. मीही घरात कपबशांचे जुने संच कोणाला हाताळू देत नाही.

दुसरी लहर पाढ्यांची. तुमचा बाबा गाडीतून उतरला रे उतरला की मिस्त्री हातोडी खाली ठेवायचे. "ये पोट्ट्या, सतराचा पाढा म्हण." तो म्हणायचा, आणि मिस्त्री त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहायचे. पोरगा पुढे इंजिनियर झाला, परदेशी गेला, सुट्टीत आला तरी सुटका नव्हती. तुमच्या आईसमोर, नव्या नवरीसमोर, त्याला फाट्यावर उभं राहून सतराचा पाढा म्हणावा लागला होता. मला केवढं कौतुक. शाळेत पालकसभेत मी त्यांचं उदाहरण द्यायची, की स्वतः शाळेत न गेलेल्या माणसाला शिक्षणाची किती ओढ असते पाहा.

यंदा पावसाळ्यात गाडीच्या आत पाणी गळायला लागलं. वाशीमच्या नव्या दुकानात दाखवलं. तिथला मुलगा म्हणाला, नाली गंजली आहे, पट्टी काढल्याशिवाय काम होणार नाही. मी मिस्त्रींना फोनवर कळवलं की आता तुमचं वय झालं, गाडी वाशीमला देते. त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑटोतून दारात उतरले.

"पट्टी मी काढतो. तुमी खुर्ची घ्या, अथीसा बसा."

"मला काय करायचंय बसून? तुम्ही काढा ना."

"नाई. तुमी पायजे."

गरम पाण्यात भिजवलेलं फडकं त्यांनी पट्टीवरून पुन्हापुन्हा फिरवलं. मग मागच्या टोकाला बांबूची चपटी काडी सरकवली आणि अंगठ्याने रेटत रेटत पुढे आले. लोखंडी हत्यार वापरलं नाही, त्याने पट्टीला कायमची मोड पडते म्हणे. शेवटचं टोक सुटलं तेव्हा ती त्यांच्या हातात लवलवत राहिली. त्यांनी ती पोत्यावर ठेवली आणि बाजूला झाले.

मी उठून पाहिलं. पट्टीखाली पांढरा रंग नव्हता. नालीच्या काठाला आकाशी निळा रंग होता. त्याच्या खाली, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, ओबडधोबड झाळलेला, वेल्डिंगचा सांधा गेला होता. सुरकुतलेल्या जखमेसारखा दिसत होता तो.

"मिस्त्री, ही आपली गाडी नाही."

"गाडी तुमचीच हाये. छप्पर तुमचं नाई."

मग ते उभ्या उभ्या बोलले. मी बी.एड.ला अमरावतीला होते, तुमचा बाबा तेव्हा पहिलीत. आजोबा त्याला घेऊन केनवडहून परत येत होते. फाट्याच्या अलीकडच्या पुलावरून गाडी घसरली आणि नाल्यात उलटी पडली. छप्पर पार चेपलं. मिस्त्री शेडमधून धावत गेले. काच फोडून त्यांनी पोराला ओढून काढलं; आजोबांचं खरचटण्यावर निभावलं.

मला एवढंच सांगितलं होतं की गाडी रंगायला दिली आहे, आणि पोरगा फाटकावरून पडला म्हणून कपाळाला खोक पडली आहे.

"त्याला काय झालं होतं?" मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी मोठ्याने विचारलं.

"बोलत नोयतं. डोये उघडे, पन बोलत नोयतं. लय वेळ." त्यांनी हात पुसले. "डागदर म्हने, डोक्याचा मार हाये, ध्यान ठेवा. सायेब तं कचेरीत जात. म्हून मी पाढे इचारले. पयले दोनाचा, मंग वाढत वाढत सतराचा."

"शिकवायला ना?" मी ओरडूनच विचारलं.

"मले कुठं येते सतराचा पाढा? पोट्टं अडकते का, तेवढंच पाहात होतो."

बसायला खुर्ची होती हे बरं झालं. भंगारातल्या निळ्या गाडीचं छप्पर आणून त्यांनी ते आमच्या गाडीवर झाळलं होतं. आत बसून मी शाळेत गेले, लग्नकार्यांना गेले, तुमच्या बाबाला कॉलेजला सोडायला गेले. डोक्यावर काय आहे, ते मला माहीत नव्हतं.

"का नाही सांगितलं मला? इतकी वर्षं?"

"सायबानं शपथ घातली. म्हने, बाईले समजलं तं परीक्षा सोडून येतीन. अन् मंग पोराले सोडून कुठीच जाणार नाई. नोकरी गिकरी सगळं बंद."

आजोबांनी मला बरोबर ओळखलं होतं. मी तेच केलं असतं. त्याचाच मला जास्त धक्का बसला.

"मग आज का सांगता?"

"वाशीमच्या पोरानं खोललं असतं तं हासत सांगितलं असतं, मॅडम, तुमची गाडी तं उलटलेली हाये. तुमी एकट्या तिथं उभ्या राह्यल्या असत्या." त्यांनी सांध्यावर बोट टेकवलं, वाजवलं मात्र नाही. "म्हून मी आलो."

त्या दिवशी मी त्यांना चहा विचारला नाही. विसरले की मुद्दाम, मला सांगता येत नाही. ते ऑटोने परत गेले.

संध्याकाळी तुमच्या बाबाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला थोडं आठवतं, आई. सगळं उलटं होतं, आणि कोणीतरी माझे पाय धरून ओढत होतं."

"आणि तू मला बोलला नाहीस?"

"बाबा म्हणाले होते, आईची परीक्षा झाली की सांगू."

परीक्षा झाली. निकाल लागला, पेढे वाटले, नोकरी लागली. सांगायचं राहून गेलं.

मिस्त्रींनी नंतर येऊन नालीचा गंज काढला, खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरली, रंगाचा पहिला हात दिला. मी समोर बसायची. चहा मी रोज दिला. एका बाजूची पट्टी त्यांनी बसवली. दुसरी बसवायला ते आले नाहीत. झोपेतच गेले, असं टपरीवाल्याने फोन करून सांगितलं.

मी किन्हीराजाला भेटायला गेले. त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती. आम्ही दोघी आयुष्यात पहिल्यांदा भेटत होतो. मी सांत्वनाचं काही बोलणार, इतक्यात तिनेच माझा हात धरला.

"तुमच्या पोट्ट्याचं डोकं दुखत नाई ना आता?"

मी तिच्याजवळ खाली बसले. मग म्हटलं, "नाही. बरा आहे."

"हे रोज घरी मले इचारत, मले काय मालूम?" ती म्हणाली. "म्हनलं आज आपुनच तुमाले इचारावं."

तर मुलांनो, झालं ते असं. मिस्त्री नाहीत. तुमचे आजोबा नाहीत. तुमचा बाबा आहे.