हरवलेले अकरा पेशंट

डॉक्टर इंद्रजीत सरांचा पन्नासावा शोधनिबंध छापून आला, त्या दिवशी विभागात मेंदूच्या आकाराचा केक आणला होता. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि त्याच्या भाऊबंद आजारांवर, म्हणजे शरीराची स्वतःचीच फौज उलटून मज्जातंतूंवर तुटून पडते त्या दुखण्यांवर, सरांच्या शब्दाला परदेशात मान होता. ओपीडीत मात्र त्यांचा शब्द दोन मिनिटांच्या वर कुणाच्या वाट्याला येत नसे. एवढं लिहायचं तर वेळ कुठून तरी काढावाच लागणार.

केक वाटायचं काम रेकॉर्ड रूममधल्या कारभारी सांडूंकडे आलं. गेली सव्वीस वर्षं ते फाइली सांभाळत होते. पन्नासही निबंधांच्या फाइली त्यांनीच काढून दिल्या होत्या. पण त्या इंग्रजीत काय छापलंय, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. केकची बशी शिकाऊ डॉक्टर मेघाच्या हातात देत त्यांनी विचारलं, "मॅडम, या निबंधात लिहिलंय तरी काय?"

मेघानं सरळ सांगितलं, "काका, चाळीस पेशंट तीन वर्षं बघितले. त्यातले अकरा हरवले."

"हरवले?"

"म्हणजे परत आले नाहीत. आपण फोन केले. दर वेळी नंबर बिझी."

कारभारींनी यादी मागितली. तिसरंच नाव वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. "ही केसरबाई कुठली हरवती! देवगाव रंगारीची बाई. फाइल लवकर काढून दिली म्हून मला पिशवीभर कारली दिली होती तिनं."

मग त्यांनी अकराही फाइली टेबलावर मांडल्या. अकराही जणांचा फोन नंबर एकच होता. आणि तो नंबर विभागातल्याच टेबलावरच्या फोनचा होता.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. कॉम्प्युटरवर नंबराचा रकाना रिकामा ठेवला, की पुढचं पान उघडत नसे. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता, त्यांच्या रकान्यात कुणा हुशार माणसानं विभागाचाच नंबर भरून टाकला होता. पुढं तीन वर्षं विभाग मोठ्या चिकाटीनं त्याच फोनवरून त्याच फोनला फोन लावत राहिला. तो बिझी लागणार नाही तर काय!

कारभारींनी सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण आता छापून झालंय ना."

रविवारी कारभारी पुंडलिकनगरातल्या घरातून निघाले आणि एसटीनं देवगाव रंगारीला गेले. केसरबाई ओट्यावर बसून आलं निवडत होती. निवडत कसली, चाचपत होती. डावा डोळा आजारानं आधीच नेला होता.

"भाऊ, आलात व्हय? मला वाटलं, फोन येईल."

"फोन हाय का तुमच्याकडं?"

"नाय. पण डॉक्टर म्हन्ले व्हते, आमी फोन करू. म्हून शेजारच्या सोनियाला सांगून ठेवलं, तुज्यावर आला तर मला हाक मार. दीड वरीस झालं, गोळ्या बी संपल्या."

"आन् ह्यो डोळा?"

"चार रोजापासून समदं धुराळ्यागत दिसतंय."

कारभारींनी चहाही घेतला नाही. जीप ठरवली आणि बाईला थेट शहरात आणलं. तातडीच्या खोलीत मेघानं त्याच तासाला सलाईनमधून औषध सुरू केलं.

सोमवारी सर आले. त्यांनी केसपेपर पाहिला, निबंधातला तक्ता पाहिला आणि भुवया उंचावल्या. "पेशंट नंबर सत्तावीस? पण ही तर हरवलेली आहे."

"हरवले नाय ओ साहेब," केसरबाई पलंगावरून म्हणाली, "हितंच हाय मी."

आठव्या दिवशी तिला उजव्या डोळ्यानं भिंतीवरच्या घड्याळातले काटे दिसले. डावा परत येण्यातला नव्हता.

पुढचे दोन महिने कारभारींनी सुट्ट्या त्यातच घालवल्या. आणखी सात जण सापडले. दोघांचा पत्ताच लागला नाही. अकरावा शहरातल्याच छावणी भागातला, रुग्णालयापासून रिक्षानं दहा मिनिटांवर राहणारा. त्याच्या दारात भागूबाई, त्याची बायको, एवढंच म्हणाली, "लई उशीर केला भाऊ. दिवाळीच्या आधीच गेले ते." कारभारी तिथंच पायरीवर बसले. निघताना त्यांनी तिच्या पायांना हात लावला.

सरांनी मात्र वेळ दवडला नाही. 'दूरध्वनीतील त्रुटी आणि रुग्णांचा पाठपुरावा' हा त्यांचा एक्कावन्नावा निबंध झाला आणि तो वाचायला ते व्हिएन्नाला गेले. शेवटी आभारात एक ओळ होती : 'स्थानिक कर्मचाऱ्यांच्या सहकार्याबद्दल'. मेघानं ती वाचून दाखवली आणि स्वतःच शरमली.

"जाऊ द्या मॅडम," कारभारी म्हणाले. "त्या छावणीवाल्याचं काय लिहिलंय?"

"एक मृत्यू, असं."

"नाव?"

"नाव लिहीत नाहीत, काका."

कारभारींनी त्याची फाइल काढली आणि पहिल्या पानावर नावाखाली, मराठीत, भागूबाईकडून कळलेली त्याच्या जाण्याची तारीख घातली.