जादूच्या राज्यातली काडेपेटी

दुपारी माझी नात रेवा स्वतः लिहिलेली जादूच्या राज्याची गोष्ट वाचून दाखवत होती. हजार वर्षं तीच तलवार, तोच घोडा, तीच मशाल.

"अगं, एवढ्या वर्षांत कुणालाच काडेपेटी सुचली नाही?"

"कशाला सुचेल आजी? चुटकी वाजवली की जाळ होतो. फक्त स्वयंपाकिणीला जादू येत नाही. तिला खोडूनच टाकते."

माझा हात भुवईवर गेला. आमच्याकडे गॅस आला तेव्हा मी शहाणी आधी बटण फिरवायची आणि मग काडेपेटी शोधत हिंडायची. तिसऱ्या दिवशी भडका उडाला, डावी भुवई गेली. नणंदेच्या लग्नात काजळाची भुवई काढून मिरवले! तरी फुंकणी माळ्यावर टाकताना वाटलं होतं, ही गॅसची शेगडी ज्याने घडवली त्याची दृष्ट काढावी. जादू न येणारीच माणसं ती. धुरात डोळे चोळत, चुकत, भाजत इथवर आली. गोवरीपासून लायटरपर्यंत मी एका जन्मात पोचले, रेवाच्या राजाला हजार वर्षांत जमलं नाही.

"खोडू नकोस तिला," मी म्हटलं. "राज्यातली पहिली काडी तीच ओढणार."

माझ्या भुवईची गोष्ट रेवाला पाठ होती. तिने पेन्सिल उचलली. "तिला भुवया ठेवू ना आजी?"

"एकच ठेव. उजवी."