मोरावळ्यातली काच

आज फ्रीजमधल्या मोरावळ्याच्या तळाशी चमकदार खडे दिसले आणि मी अकोल्याच्या त्या गारठलेल्या सकाळी जाऊन पोचले.

शेजारच्या विमलकाकूंनी मोरावळ्याची बरणी पाठवली होती. आदल्याच आठवड्यात त्यांचं आणि आईचं नळाच्या पाण्यावरून कडाक्याचं भांडण झालेलं. आईनं बरणी उजेडात धरली. "हात नोको लावू. काच हाये याच्यात!"

"काच काहून टाकतीन त्या?" बाबा म्हणाले.

"मंग भांडल्यावर मोरावळा काहून देल्ला?"

बाबांनी ते खडे पाकासकट पळीत घेऊन गॅसवर धरले. वेलचीचा वास सुटला आणि खडे हळूहळू विरघळून गेले. गरम पाकात मावलेली साखर थंडीनं बाहेर पडली होती, एवढंच. तरी आईनं पहिला आवळा बाबांनाच खायला लावला.

बरणी रिकामी परत करायची नसते, म्हणून आईनं तिच्यात तिळाचे लाडू भरले. पोचवायला मी गेले. काकूंनी एक लाडू फोडला, आत नीट निरखून पाहिलं आणि अर्धा माझ्या तोंडाशी धरला.

"पयले तू खाय, बाई."

तेव्हा मला तो लाड वाटला होता.