शेजारची खुर्ची

“बसा म्हटलं तर बसायचं! खुर्चीला काय काटे आलेत?”

“अगं, बसेन ना. पोरं येऊ देत. मी बसलो आणि कुणी त्यांची खुर्ची उचलून नेली म्हणजे?”

“नेऊन नेईल कुठे? समुद्रात?”

काकूंचा आवाज चढला तशी आजूबाजूची दोन-तीन डोकी पुस्तकातून वर आली. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ती निमूट परत पुस्तकात गेली.

भांडण सकाळच्या चहापासून चालू होतं. क्रूझ लांबची, आणि आज बोट कुठल्याच बंदराला लागणार नव्हती. मुलानं रात्रीच बजावलं होतं, “उद्या कुणी काही करायचं नाही. नुसतं लोळायचं.” ते मनावर घेऊन काका चहा संपताच वरच्या डेकवर गेले आणि चार आरामखुर्च्या धरून बसले. बसले कसले, उभे राहिले. एकीवर टॉवेल टाकला, एकीवर सुनेची चप्पल ठेवली. एकच, दुसरी केबिनमध्ये राहिली होती आणि सून तिची जोडीदार पलंगाखाली शोधत होती. उरलेल्या दोन काकूंच्या आणि त्यांच्या. काकू येऊन आडव्या झाल्या, सवयीनं शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली, तरी काका आपले मागे उभे, हात पाठीशी बांधून.

त्यांची जन्मभराची नोकरी नाट्यगृहाच्या दारावरची. अंधारात बॅटरी मारून लोकांना जागेवर नेऊन बसवायचं. सगळे त्यांना बॅटरीकाका म्हणत. त्यामुळे काकू आपोआप बॅटरीकाकू झाल्या. लग्न ठरवताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

उशिरा येणाऱ्यांना बसवण्याच्या नादात काकांनी एकाही नाटकाची सुरुवात पाहिली नव्हती, आणि दारं उघडायची म्हणून शेवटही नाही. मधलं मात्र तोंडपाठ. मुलगा लहानपणी विचारायचा, “पण बाबा, खून केला कुणी?” काका म्हणायचे, “ते मी दार उघडायला गेल्यावर कळतं रे.”

काकूंना पास मिळायचा. चांगले कपडे घालून जायच्या, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवायच्या. पहिल्या अंकात येतील, निदान दुसऱ्यात तरी. काका यायचे, नाही असं नाही. तिसरी घंटा झाली की बॅटरी नाचवत यायचे ते कुणातरी उशिरा आलेल्या जाड्या माणसाला घेऊन, आणि म्हणायचे, “पर्स उचला, बाई.” ड्यूटीवर ओळख दाखवायची नाही, हा त्यांचा नियम. मग सगळं नाटक काकूंनी त्या जाड्याचं कोपर चुकवत बघायचं.

गेल्या महिन्यात काका निवृत्त झाले आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. तो फार दिवस पडून राहिला नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी मॅनेजरचा फोन आला होता: शनिवार-रविवार याल का, नवा माणूस लोकांच्या पायावर पाय देतो. काका म्हणाले, बोटीवरून कळवतो. बायकोला सांगायचं मात्र राहून गेलं. ते आज चहा पिता पिता सुनेच्या तोंडून निघालं.

“दोनच तर दिवस,” काका आता समजुतीनं म्हणाले. “तूही ये की. पास मिळेल.”

“नको मला तुमचा पास! शेजारच्या जाड्यासकट!”

एवढ्यात काठी टेकत एक आजीबाई इकडेतिकडे बघत आल्या. काकांचं अंग आपोआप वाकलं. “या, इकडून. पायाखाली बघा.” टॉवेल काढून त्यांनी मुलाच्या खुर्चीवर आजीबाईंना बसवलं. पाठोपाठ पाय मुरगळलेला एकजण आला. चप्पल खिशात गेली, तो सुनेच्या खुर्चीवर. मग काकांना धरबंधच उरला नाही. लांबच्या खुर्च्या हेरायचे, माणसं नेऊन बसवायचे. कुणीतरी रिकामा ग्लास त्यांच्या हातात दिला. पांढऱ्या गणवेशातल्या खऱ्या कामगारानं येऊन विचारलं, “तुमची ड्यूटी कुठल्या पाळीची?” तेव्हा काकांचा चेहरा असा फुलला की काकूंनी तोंड फिरवून समुद्राकडे केलं.

समुद्र तरी बिचारा काय करणार? नुसता हलत होता.

थोड्या वेळानं पोहण्याच्या तलावातून एक अवाढव्य गृहस्थ निथळत आले. डेक तुडुंब भरलेला. काकांनी नजर फिरवली, एक जागा दिसली, आणि पुढे होऊन अदबीनं म्हणाले, “पर्स उचला, बाई.”

म्हणून गेले आणि जीभ चावली.

काकू हलल्या नाहीत. “ही जागा दिलेली आहे,” त्या गृहस्थांना म्हणाल्या. “आमचे हे यायचेत. लग्न झाल्यापासून धरून ठेवलीय. त्यांना जरा उशीर झालाय.”

“मग राहू द्या, राहू द्या,” गृहस्थ घाबरून म्हणाले आणि ओली पावलं उमटवत निघून गेले.

काका उभेच. हातातला ग्लास त्यांनी खाली ठेवला. पर्स उचलली, काकूंच्या मांडीवर ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. मग पाय वर घेतले. मग पाठ टेकली.

“सुरू झालं का?” ते समुद्राकडे बघत पुटपुटले.

“केव्हाच.”

“आधी काय झालं?”

“गप्प बसा. मागच्यांना ऐकू येत नाही.”

जेवणाची वेळ झाली तरी काका उठले नाहीत. काकूंनी एकदा मान वळवून पाहिलं. शेजारी जाड्या नव्हता.

शेवटी मुलगा आणि सून वर आले, सून एका पायात चप्पल घालून.

“बाबा, आमच्या खुर्च्या कुठायत?”

काकांनी खिशातून चप्पल काढून सुनेपुढे धरली. “दिल्या. उशिरा आलात तुम्ही. आणि मॅनेजरला कळव, मी येणार नाही. परतल्यावरच्या पहिल्या शनिवारची दोन तिकिटं काढ. शेजारशेजारची. पहिल्या घंटेच्या आत आम्ही जागेवर असू, आणि पडदा पडेपर्यंत मी उठणार नाही.”