मूगण्णाचं एकच वाक्य

शिवरामच्या मुलीचा, सुमित्राचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं. "काका, अप्पा गेले हो..." एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "कुठं गेले?" सत्तरी ओलांडलेल्या, महिन्यातून दोनदा कुणाच्या ना कुणाच्या मयताला जाणाऱ्या माणसानं विचारावा असा हा प्रश्न नव्हे. पण आदल्याच दिवशी शिवराम माझ्या गादीवर बसून दोन कप चहा पिऊन, माझ्या कवळीची हुबेहूब नक्कल करून गेला होता. सुमित्रा सांगत राहिली... चहा ठेवला, हाक मारली, उठंनातच की हो. मी कुलूप हातात घेऊन तसाच रिक्षात बसलो आणि विद्यानगरला त्याच्या घरी पोचलो. दुकान दुपारपर्यंत तसंच अर्धवट उघडं होतं, हे शेजाऱ्यानं मला नंतर सांगितलं.

पाच आठवडे झाले. अजून कुणी "शिवरामअण्णा वारले" म्हटलं की मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहतो. धडधाकट माणूस, रक्तदाब नाही, साखर नाही. असा कसा जाईल?

तुमच्यातल्या ज्यांनी त्याचे मूकपट पाहिलेत त्यांना तो 'मूगण्णा' म्हणूनच ठाऊक असणार. कन्नडात मूग म्हणजे मुका. हे नाव हुबळीच्या प्रेक्षकांनी त्याला दिलं आणि ते त्याला आयुष्यभर चिकटलं. प्रत्यक्षात त्याच्याइतका बोलभांड माणूस मी पाहिलेला नाही. भाजीवालीशी बोलेल, बसच्या कंडक्टरशी बोलेल, कुणीच नसलं तर माझ्या दुकानातल्या पुतळ्याला साडीचा भाव विचारेल. असा माणूस मुका का झाला, हे मला ठाऊक आहे. फक्त मलाच ठाऊक आहे, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

तो सांगलीकडच्या एका खेड्यातला. विशीही गाठली नव्हती तेव्हा एका मराठी नाटक कंपनीबरोबर हुबळीला आला. कंपनीचे मालक इथंच आजारी पडले, कंपनी मोडली, मंडळी आपापल्या गावी परतली. शिवराम परतला नाही. "आता गावात जाऊन काय बैलांपुढं नाटक करू?" असं मला म्हणाला होता. इथं एक कन्नड कंपनी जोरात चालू होती, तो तिथं जाऊन उभा राहिला. कन्नडाचा एक शब्द येत नव्हता. मी त्या कंपनीत प्रॉम्प्टर होतो. दिवसा वडिलांच्या दुकानात गजानं कापड मोजायचं आणि खेळाच्या वेळी विंगेत उभं राहून अडलेल्या नटाला वाक्य पुरवायचं. आमच्या चार पिढ्या हुबळीत गेलेल्या, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, त्यामुळे मालकांनी त्याला माझ्या गळ्यात बांधलं. मी वाक्य म्हणायचं, अर्थ सांगायचा, आणि त्यानं ते दहादा म्हणायचं. वर्षभरात तो असं बोलायला लागला की धारवाडच्या माणसानंही तोंडात बोट घालावं.

मग त्याला पहिली मोठी भूमिका मिळाली. बारा वर्षांनी घरी परतणारा मुलगा. दार उघडतो, समोर आंधळी आई बसलेली, आणि तो म्हणतो, "अव्वा, ना बंदीनि." आई, मी आलोय. एवढंच वाक्य, पण सगळं नाटक त्या वाक्याकडे चाललेलं.

रविवारचा दुपारचा खेळ होता. थिएटर खच्चून भरलेलं. शिवरामनं दार उघडलं, आईकडे पाहिलं... आणि बोलेचना. आमच्या कंपनीत वाक्यावर वाक्य आपटायची रीत. रंगमंचावर गप्प बसला तो अडला, हे तिथं शेंबडं पोरही सांगेल. त्यात माझी आई जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. तो तसा दारात उभा राहिलेला बघून मी बाहीनं डोळे पुसले. माणूस रडकुंडीला आला की घरच्या भाषेत येतो. मी विंगेतून सांगितलं, "आई, मी आलोय."

मराठीत.

आणि त्यानं ते तसंच म्हटलं. मोठ्यानं, खणखणीत, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं. वर्षभर माझ्या तोंडून येईल ते म्हणायची त्याला सवय लागलेली. मागच्या बाकांवरून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग जे हसू फुटलं ते पडदा पाडेपर्यंत थांबलं नाही. आंधळी आई झालेली बाईसुद्धा पदरात तोंड घालून हसत होती.

मालक आत आले ते तणतणत. "कुणी सांगितलं तुला मराठीत बोलायला?" शिवरामनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "नंद तप्पु री," म्हणाला. माझीच चूक झाली हो. मी तिथंच उभा होतो, हातात नाटकाची वही होती. तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. दुसऱ्या दिवशी ती भूमिका दुसऱ्याला गेली. "हा मराठी जिभेचा माणूस, याला बोलायला देऊ नका," असा मालकांचा हुकूम निघाला, आणि शिवराम मुका नोकर झाला, मुका पहारेकरी झाला, मुका वेडा झाला. पुढं लोक मूगण्णाला बघायला येऊ लागले, हे खरं. नुसत्या खांद्यानं तो माणसांना रडवायचा. म्हणजे वाईटातून चांगलंच झालं, असं मी माझी समजूत घालायला मोकळा!

कंपनी बंद पडली. गोकुळ रोडला एका कारखान्यात त्यानं बरीच वर्षं काम केलं, बायको गेली, मुलीचं लग्न झालं. मग साठी उलटल्यावर धारवाडची रश्मी नावाची एक मुलगी त्याला शोधत माझ्या दुकानात आली. तिला संवाद नसलेला, कृष्णधवल मूकपट करायचा होता आणि तिच्या आजीनं तिला मूगण्णाचं नाव सांगितलं होतं. तिनं त्याला घेऊन चार मूकपट केले. परगावच्या महोत्सवांत ते गाजले, पेपरात फोटो आले. तो म्हणायचा, "बघ वामन्या, जगात सगळं बोलकं झालं आन् मला मुक्याचंच काम!" हसत म्हणायचा. मी मात्र दरवेळी कापडाच्या घड्या घालायला लागायचो.

धारवाडच्या मंडळींनी यंदा त्याचा सत्कार ठरवला आणि जुना मित्र म्हणून मला बोलायला सांगितलं. मी मनाशी पक्कं केलं. पन्नास वर्षं गिळलेलं त्या दिवशी सगळ्यांसमोर ओकायचं. शेवटच्या भेटीत त्याला म्हटलंही, "रविवारी मी जरा वेगळं बोलणार आहे, रागावू नकोस." तो म्हणाला, "बोल की लेका. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सांगितलीस, एक दिवस सोताचं सांग." हे गुरुवारी. शुक्रवारी सकाळी सुमित्राचा फोन.

सभागृह रविवारचं घेतलेलंच होतं. तिथंच शोकसभा झाली. सत्कारासाठी सांगितलेले हार फोटोला घातले, शाल खुर्चीवर ठेवली. एकामागून एक वक्ते उठले. "अण्णांनी मौनाची वाट निवडली," असं एक प्राध्यापक म्हणाले आणि लोकांनी माना डोलावल्या. निवडली नाही हो! मी ओरडणार होतो. माझी पाळी आली, उठलो, "शिवराम फार चांगला माणूस होता," म्हणालो आणि खाली बसलो. भित्रा तो भित्राच.

परवा सुमित्रा दुकानात आली. अप्पांच्या ट्रंकेत तळाशी सापडली म्हणून एक वही घेऊन आली होती. मी ती कधी पाहिली नव्हती. कन्नड वाक्यं, पण देवनागरीत, पेन्सिलीनं, एकेक अक्षर सुटं सुटं. मी म्हणवून घेतलेलं तो घरी जाऊन लिहून ठेवत होता तर! पानं उलटता उलटता ते पान आलं. 'अव्वा, ना बंदीनि.' वाक्याच्या आधी उभी रेघ आणि बाजूला मराठीत लिहिलेलं. 'इथं थांबायचं. आईकडं बघत पाच मोजायचे. मगच बोलायचं. तालमीत करायचं नाही, मालक ओरडतील. खेळातच करायचं.' आणि त्याखाली, 'वामनला सांगून ठेवणे.'

मी वहीसकट गादीवर बसकण मारली. तो अडला नव्हता. त्याला वाक्य पाठ होतं. आणि मला सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं म्हणून त्यानं मालकांसमोर मान खाली घातली होती. मला पाठीशी घालायला नव्हे. चूक खरंच आपलीच, असं तो पन्नास वर्षं समजत होता.

"काका, काय झालं? पाणी देऊ काय?" सुमित्रा विचारत होती. मी तिला हातानं थांब म्हटलं. त्या उभ्या रेघेवर बोट ठेवलं आणि पाच मोजले. फार वेळ नव्हता तो.