कच्चं मटण

मंगळवार पेठेतले आमचे शेजारी सरकारी विश्रामगृहात आचारी होते. बोलताना रस्सा ढवळल्यासारखा हात फिरवायचे. मुंबईहून आमदारांची समिती सरकारी कामं तपासायला आली, की ती कामं करणारे साहेबलोक आधी या आचाऱ्यांनाच गाठायचे. पांढरा रस्सा ओरपून समिती अँबेसिडरमध्ये डुलक्या घेत परतायची आणि आमच्या पेठेतली पाण्याची नवी टाकी कोरडीच राहायची.

एकदा मात्र शेजाऱ्यांनी पातेल्याचं झाकणच उचलू दिलं नाही.

"मटण कच्चं हाय. तवर टाकी तरी बघून या की, पावणं!"

भुकेले आमदार टाकीवर गेले आणि साहेबलोकांवर असे तुटून पडले, की आठवड्यात नळाला पाणी आलं!

मी विचारलं, "मटण खरंच कच्चं होतं?"

त्यांचा हात हवेतच थांबला. "कवाच शिजलं हुतं. खरं समितीला भूक लागाय नको व्हय?"