सुदामतात्यांच्या कोडमधली चूक

सुदामतात्यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या इंदापूरच्या घरी. मी सांगवीचा, नववीत शाळा सोडलेला, बारामतीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. त्यांचा फोन पोहोचवायला गेलो आणि संगणकावरच्या ओळींकडे बघतच राहिलो. "बस की. का शाळेतनं पळालास तसा हितनंबी पळतोस?" शाळा सोडल्याचं ऐकून तात्या म्हणाले. बसलो तो चार वर्षं.

वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तात्यांनी जगभरातले लोक मिळून लिहितात तो ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतः वाचून शिकून घेतला. घरीच वर्ग भरवून येईल त्याला फुकट शिकवला. मेमरीतला धोका ते असा सांगत : "क्वार्टर सोडला की किल्ली जमा करायची. एखाद्यानं ठेवली, अन् तितं दुसरं बिऱ्हाड आलं, तर? घर त्याचं न्हाय, पण कुलूप उघडतंय. मेमरी सोडली तरी पत्ता धरून ठेवायचा, तसंच हाय हे."

मला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा तात्यांच्याच शब्दावर चेन्नईत नोकरी लागली. तिथं मराठी बोलायला कुणी नाही. रविवारी तात्यांना फोन करायचा. बाकी दिवस, त्यांनी लिहिलेला आणि कर्नलमध्ये घेतला गेलेला कोड वाचत बसायचो. तेच बोलतायत असं वाटायचं.

त्यातच एकदा चूक दिसली. सोडलेल्या मेमरीचा पत्ता तात्यांनीच तसाच ठेवला होता. सांगितलं तर आपलं हे एकच माणूस तुटेल, या भीतीनं तीन रविवार मी उजनी धरणातल्या पाण्याच्याच गप्पा मारल्या. चौथ्या रविवारी सांगितलं.

तात्यांनी फाईल उघडून ती ओळ वाचली. मग म्हणाले, "कवा कळलं?"

"तीन आठवडं झालं."

"माझी लाज राखाय लोकांची दारं उघडी ठेवलीस व्हय रं? आत्ताच्या आत्ता कर्नल सांभाळणाऱ्यांना कळव. दुरुस्ती होईस्तोवर बाहेर ब्र काढू नगंस, चोरांना दार कळंल. आन् चूक माझी म्हणून लिही. नाव नीट घाल."

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी कळवलं. दुरुस्ती झाली. मग तात्यांनी ती ओळ वर्गात पडद्यावर लावून, "ही माझी चूक," म्हणून सगळ्या पोरांना दाखवली.

त्यानंतरच्या रविवारी फोन करायला मी धजलो नाही. दुपारी त्यांचाच आला. "मेलास का काय रं? पुढची फाईल उघडलीस का न्हाय?"

आज तात्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यांनी शंभरी ओलांडावी, नजर अशीच तीक्ष्ण राहावी, गुडघ्यांनी त्रास देऊ नये. आणि त्यांच्या चुका काढायला त्यांनी आम्हाला अजून पुष्कळ वर्षं द्यावीत.